हिशेब कामांचा की प्रश्नांचा?

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील नागरिकाला आपल्या लोकप्रतिनिधीची वार्ता कळण्यासाठी आता निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही. अनेक खासदार आणि आमदार आपल्या कामाचा वृत्तान्त आठवड्याच्या आठवड्याला मतदारांपर्यंत पोहोचवू लागले आहेत. सैनिक आणि शिक्षण हे त्यात हमखास आढळणारे दोन विषय होत. वीरमातेचा सत्कार, ध्वजनिधीला देणगी, शाळेला संगणक, गुणवंतांचा गौरव, हे सारे स्तुत्यच आहे. परंतु कायदे करणाऱ्या आणि सरकारला जाब विचारणाऱ्या सभागृहाचा सदस्य म्हणून या गृहस्थांनी आठवडाभरात काय केले, हा प्रश्न वृत्तान्त वाचून संपला तरी शिल्लकच राहतो.

वस्तुतः लोकप्रतिनिधीने हिशेब देण्याची परंपरा ठाण्याला नवी नाही. १९७७ आणि १९८० साली ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेलेले रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवीत असत. मार्च १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या राजकीय मतांशी कोणी सहमत असो वा नसो, मुनिमाने मालकापुढे जमाखर्चाची वही उघडावी तसा हा प्रघात होता आणि त्याचे मोल पक्षातीत आहे. अहवाल वर्षाऐवजी दर आठवड्याला येऊ लागला, ही प्रगतीच मानली पाहिजे. प्रश्न आहे तो वहीत कोणत्या नोंदी असतात याचा.

या नोंदी बदलण्यास एक आर्थिक कारण आहे. डिसेंबर १९९३ मध्ये खासदारांच्या स्थानिक विकास निधीची योजना सुरू झाली. २०११-१२ पासून हा निधी प्रत्येक खासदारामागे वर्षाला पाच कोटी रुपये झाला. आमदारांनाही तशीच तरतूद मिळाली. तेव्हापासून लोकप्रतिनिधी हा निम्मा कंत्राटे वाटणारा कारभारी झाला आणि त्याचे यश बाके, सभागृहे व पेव्हर ब्लॉक यांत मोजले जाऊ लागले. आता दुसरा आकडा पाहा. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाचा एकूण खर्च सुमारे ५०.६५ लाख कोटी रुपयांचा होता. त्यापुढे पाच कोटी म्हणजे दहा लाखांत एक भाग. या एका भागाचा तपशील छायाचित्रांसह घरपोच मिळतो. उरलेल्या रकमेवर आपल्या प्रतिनिधीने काय विचारले, याविषयी मात्र सहसा एक ओळही नसते.

त्याच अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपये होते आणि त्यांतील सुमारे १.६० लाख कोटी निवृत्तिवेतनाचे होते. केंद्राच्या शिक्षण खात्याला १.२८ लाख कोटी मिळाले. या दोन आकड्यांची सरळ तुलना करणे मात्र योग्य नव्हे. संरक्षण हा सर्वस्वी केंद्राचा विषय आहे, तर शिक्षणावरील खर्चाचा मोठा वाटा राज्ये उचलतात. तरीही राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी ही कोठारी आयोगाची १९६६ मधील शिफारस २०२० च्या शैक्षणिक धोरणाला पुन्हा उच्चारावी लागली, यातच बरेच काही आले.

सभागृहात विचारलेला एक प्रश्न काय करू शकतो, याचे एक उदाहरण सैनिक आणि शिक्षण या दोन्ही विषयांना स्पर्श करणारे आहे. १९७१ च्या युद्धानंतर कारवाईत कामी आलेल्या, बेपत्ता झालेल्या वा अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांचे शिक्षणशुल्क सरकारने भरण्याची योजना सुरू झाली. २०१७ साली या मदतीवर दरमहा दहा हजार रुपयांची कमाल मर्यादा घालण्यात आली. नौदलप्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहून ती उठविण्याची विनंती केली. त्याच सुमारास तत्कालीन संरक्षण राज्यमंत्री, धुळ्याचे खासदार डॉ. सुभाष भामरे यांनी संसदेत दिलेल्या लेखी उत्तरातून खरा हिशेब बाहेर आला. या मर्यादेची झळ सुमारे २५० विद्यार्थ्यांना पोहोचत होती आणि सरकारची वार्षिक बचत होत होती अवघी ३.२० कोटी रुपयांची, म्हणजे एका खासदाराच्या वार्षिक निधीहूनही कमी! मार्च २०१८ मध्ये ही मर्यादा मागे घेण्यात आली. शंभर सत्कारांनी जे साधले नसते त्याला एका लेखी प्रश्नाचा हातभार लागला.

असे विचारण्याजोगे प्रश्न या परिसरात थोडे नाहीत. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांच्या सेवेनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर सैन्यात कायम होतात. पहिल्या तुकड्यांची मुदत २०२६ च्या अखेरीपासून पुरी होते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठामार्फत त्यांच्यासाठी पदवीची सोय जाहीर झाली. परंतु किती जणांनी ती पुरी केली आणि ती पदवी कोणत्या नोकरभरतीत ग्राह्य धरली जाते, याची उत्तरे सरकारकडूनच वदवून घ्यावी लागतील. अंबरनाथ हे कल्याण लोकसभा मतदारसंघातच येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन तेथील दोन कारखाने दोन निरनिराळ्या सरकारी कंपन्यांकडे गेले. कामगारांना आधी दोन वर्षांसाठी प्रतिनियुक्तीवर मानले गेले, पुढे मुदतवाढी मिळत गेल्या. सैन्याला पाठबळ देणारे हे हात स्वतः कोणत्या आधारावर उभे आहेत, हाही प्रश्न सैन्याचाच आहे.

शिक्षणाच्या बाबतीत तर कोणता प्रश्न कोणत्या सभागृहात विचारावयाचा, याचाच घोळ असतो. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार, पहिली ते आठवीला शिकविणाऱ्या आणि निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे भाग पडले. या अटीचे मूळ २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे. तो संसदेचा कायदा असल्याने त्यातील दुरुस्तीची मागणी दिल्लीत झाली पाहिजे. रिक्त पदे आणि अनुदानाचे टप्पे हा राज्य विधिमंडळाचा विषय. त्यासाठी कोकण शिक्षक मतदारसंघाचा स्वतंत्र आमदारही आहे. पालिका शाळांचा जाब महापालिकेत विचारावयाचा. पण कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० नंतर पाच वर्षे नगरसेवकच नव्हते. खासदाराने शाळेचे प्रवेशद्वार बांधावे आणि शिक्षकांचा प्रश्न मात्र विचारणारा कोणी नसावा, अशी स्थिती येते ती या घोळातून.

यावर लोकप्रतिनिधींचे एक उत्तर ठरलेले असते. लोकांना गटार आणि रस्ता हवा असतो, प्रश्नोत्तरे कोण वाचतो? या उत्तरात तथ्य नाही असे नाही. आपण मते देताना जे मोजतो तेच अहवालात छापले जाते. मात्र प्रश्नांची नुसती संख्या मोजणे हाही उपाय नव्हे. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये अकरा खासदारांची हकालपट्टी झाली होती, हे विसरता येत नाही. पाहावयाचे आहे ते प्रश्नाचा नेमकेपणा आणि त्याचा पाठपुरावा. लोकसभेत एका दिवसाला तोंडी उत्तरांचे वीस आणि लेखी उत्तरांचे २३० प्रश्न घेतले जातात. म्हणजे लेखी प्रश्नाचा मार्ग नव्या सदस्यालाही मोकळा आहे. अधिवेशन नसताना काय लिहावे, ही अडचणही खरी नाही. मंत्र्यांशी पत्रव्यवहार, समित्यांच्या बैठका, दिलेल्या आश्वासनांचे काय झाले, हे सारे बारमाही विषय आहेत.

तेव्हा साप्ताहिक वृत्तान्तात तीन रकाने असावेत, एवढी साधी मागणी मतदारांनी करावी: काय विचारले, काय उत्तर मिळाले, पुढे काय करणार. ती करण्यास शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्याइतके योग्य कोणी नाही. दरवर्षी ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी शाळा-कचेऱ्यांतून गोळा करताना रुपया-रुपयाची पावती हेच लोक फाडतात. जो वर्ग स्वतः पै-पैचा हिशेब देतो, त्याने आपल्या प्रतिनिधीकडून तो मागण्यात संकोच कसला? सत्काराचे छायाचित्र आठवडाभर टिकते. सभागृहातील प्रश्न आणि त्याचे उत्तर मात्र कायमचे नोंदले जाते आणि सरकारला त्याला बांधून ठेवता येते. मतदाराने जपून ठेवावी अशी पावती हीच होय.