पाण्याचाही जमाखर्च

मैत्रिणींनो, महिन्याच्या पहिल्या तारखेला आपण वही काढून बसतो. वाणसामान, दूध, मुलांची फी, गॅस, विजेचं बिल, एकेका बाबीपुढे आकडा मांडतो. पण त्या वहीत पाण्याचं पान असतं का हो? नळाला आलं की भरायचं, नाही आलं की नशिबाला बोल लावायचा, एवढाच आपला पाण्याचा हिशेब!

म्हणून आज तुम्हांला आमच्या नगरजवळच्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) एका लहानशा गावी नेते. हिवरे बाजार त्याचं नाव. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढग रिकामे होतात, त्यामुळे इथं पाऊस वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळानंतर तर गावाची रयाच गेली. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, कर्ती माणसं पोटासाठी बाहेर आणि मागे उरली दारू नि भांडणं. अशा घरांत बायकांचे काय हाल झाले असतील, ते तुम्हांला वेगळं सांगायला नको.

१९८९ साली एम.कॉम. झालेले पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावानं कंबर कसली. श्रमदान करायचं, झाड तोडायचं नाही, गुरं मोकाट चरायला सोडायची नाहीत, दारू बंद, असे नियम ठरले. डोंगरउतारावर सलग समतल चर खणले, ओढ्यांवर बांध घातले. पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं. पाणी मुरलं, गवत वाढलं. ते कापून आणायचं नि गोठ्यात घालायचं. (तो भारा बहुतेक घरांत कोणाच्या डोक्यावर येतो, हे काय मी सांगायला हवं?) पण चारा आला तसं दूध वाढलं, दूध वाढलं तसा हातात पैसा आला आणि बाहेर गेलेली कुटुंबंही परत आली. पवारांना २०२० सालची पद्मश्री मिळाली ती या कामासाठी.

पण मला सगळ्यांत कौतुक वाटतं ते त्यांच्या पाण्याच्या अंदाजपत्रकाचं. गाव दरवर्षी पाऊस मोजतं, विहिरींची पातळी बघतं आणि ग्रामसभेत हिशेब मांडतं. आधी माणसांचं नि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग उरेल त्यावर पिकं ठरवायची. पाऊस कमी, तर जास्त पाणी पिणारं पीक त्या वर्षी नको. ऊस-केळी घ्यायची नाहीत, शेतीसाठी बोअर मारायची नाही.

तुम्ही म्हणाल, “ज्याच्याजवळ पैसा आहे त्यानं आपल्या रानात बोअर मारली तर बिघडलं कुठं?” बिघडतं ते इथंच! जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. एकानं खोल उपसलं की शेजारणीची विहीर आटते आणि तिला हंडा घेऊन दूर जावं लागतं. म्हणून नियम सगळ्यांना सारखा. नाही म्हणणं जड जातं खरं, पण आपण नाही का, सणाचं गोडधोड करतानाही महिनाअखेरचं पीठ डब्यात राखून ठेवत?

शाळेत मी मुलींना एक गणित घालते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होतं. म्हणजे ४० चौरस मीटरच्या गच्चीवर ४०० मिलिमीटर पाऊस पडला तर १६,००० लिटर! थोडं उडून-वाळून गेलं तरी पुष्कळ उरतं. हा आकडा फळ्यावर आला की मुलींचे डोळे विस्फारतात.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. घरात रोज किती बादल्या, किती हंडे लागतात ते चार दिवस लिहून ठेवा. आधी पिण्याचं नि स्वयंपाकाचं, मग अंघोळीचं, मग धुण्याभांड्यांचं. गळक्या नळाखाली रात्रभर पातेलं ठेवा नि सकाळी मोजा. पाणी शुद्ध करायचं यंत्र असेल तर त्याचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला घ्या, तांदूळ धुतलेलं कढीलिंबाला घाला. गच्चीचं पाणी टाकीत किंवा जमिनीत सोडायची गोष्ट घरात नि सोसायटीच्या सभेत काढा, आणि तीही पावसाळ्याच्या आधी. आभाळ भरून आल्यावर प्लंबर कुठला मिळायला!