विश्लेषण : ब्रिटनमधील जुन्या डिजिटल फोन लाइन बंद का होत आहेत? आपल्या कार्यालयांसाठी धडा कोणता?

ब्रिटनमधील जुने टेलिफोन जाळे ३१ जानेवारी २०२७ रोजी कायमचे बंद करण्याचे ठरले आहे. घरगुती लँडलाइनबरोबरच कार्यालयांनी भाड्याने घेतलेल्या ‘आयएसडीएन’ डिजिटल लाइनही त्यात जातील. त्यांची जागा इंटरनेटवरून चालणारी फोनसेवा घेईल. आपल्याकडील अनेक रुग्णालये, बँका आणि कारखान्यांचे फोन याच घराण्यातल्या ‘पीआरआय’ लाइनवर चालतात. त्यामुळे तिथे काय चुकले आणि काय सुधारले, हे पाहायला हवे.

ही लाइन म्हणजे नेमके काय?

आवाजाचे सेकंदाला ८,००० वेळा मोजमाप घेऊन प्रत्येक मोजमाप ८ बिटांत साठवले, की एका संभाषणाला ६४ किलोबिटचा मार्ग लागतो. असे ३२ मार्ग एकत्र केले की २.०४८ मेगाबिटची ‘ई१’ लाइन होते. त्यातले ३० मार्ग संभाषणासाठी, एक वेळ जुळवण्यासाठी आणि एक कॉल जोडण्या-तोडण्याच्या संकेतांसाठी असतो. युरोप आणि भारतात हीच पद्धत आहे. अमेरिकेत १९६२ पासून वापरात आलेल्या ‘टी१’मध्ये २४ मार्ग असतात.

कार्यालयाच्या ईपीएबीएक्सला अशी एक पीआरआय जोडली की एकाच क्रमांकावर एका वेळी ३० जण बोलू शकतात. लीज्ड लाइन मात्र दोन ठिकाणे कायमची जोडते. तिचे भाडे ठरलेले असते आणि ती इतर ग्राहकांशी वाटून घ्यावी लागत नाही. आवाज आणि डेटा दोन्ही तिच्यावरून जातात.

मग बंद करण्याचे कारण काय?

ब्रिटनमधील एक्स्चेंजची बरीच यंत्रणा १९८०च्या दशकातील आहे. तिचे सुटे भाग मिळत नाहीत, ती जाणणारे तंत्रज्ञ निवृत्त होत आहेत आणि बिघाड वाढत आहेत. दुसरीकडे फायबर सर्वत्र पोहोचत असल्याने दोन जाळी सांभाळणे कंपन्यांना महाग पडते. बीटी समूहाच्या ओपनरीच कंपनीने सप्टेंबर २०२३ पासून देशभर अशा नव्या जोडण्या विकणे थांबवले. जपानमध्येही जानेवारी २०२४ मध्ये आयएसडीएनवरील डेटा सेवा बंद झाली.

मुदत पुढे का ढकलली?

मूळ मुदत डिसेंबर २०२५ ची होती. अडचण आली ती फोनखेरीज त्या लाइनवर चालणाऱ्या उपकरणांची. आजारी आणि एकट्या वृद्धांच्या मदतीसाठीची ‘टेलिकेअर’ बटणे, लिफ्टमधील आपत्कालीन फोन, आगीचे अलार्म, कार्ड यंत्रे यांची ना नोंद होती, ना चाचणी झाली होती. लाइन बदलल्यावर काहींची टेलिकेअर बटणे चालली नाहीत. त्यामुळे डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कंपन्यांकडून सक्तीचे स्थलांतर थांबवण्याची हमी घेतली. मे २०२४ मध्ये नवी मुदत जाहीर झाली.

विजेचा प्रश्न याहून मोठा होता. तांब्याच्या साध्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळे. घरात अंधार असला तरी फोन चाले. इंटरनेट फोनचा राउटर मात्र घरच्या विजेवर चालतो. म्हणून लँडलाइनवरच अवलंबून असलेल्या ग्राहकांना वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन कॉल करता यावा, अशी सोय देण्याचे बंधन तेथील नियामक ‘ऑफकॉम’ने घातले. वीज सांभाळण्याची जी जबाबदारी एक्स्चेंजची होती, ती आता ग्राहकाच्या दाराशी आली आहे.

लीज्ड लाइनही संपणार का?

नाही. तांब्याची जागा फायबरने घेतली, पण स्वतंत्र जोडणीची गरज तशीच आहे. पीआरआयऐवजी आता ‘सिप ट्रंक’ घेतली जाते. तिच्यावर एका संभाषणाला नेहमीच्या पद्धतीने सुमारे ८७ किलोबिट लागतात, म्हणजे ३० कॉलना सुमारे २.६ मेगाबिट. वेग ही अडचण नाही. अडचण येते ती त्याच ब्रॉडबँडवर कोणी मोठी फाइल चढवत असताना. तेव्हा आवाज तुटतो. आवाजाला प्राधान्य दिले किंवा स्वतंत्र लाइन घेतली, तरच हे टळते.

निर्णयापूर्वी काय विचारावे?

पहिले, लाइनवर फोनखेरीज काय काय जोडले आहे? याची यादी करून प्रत्येक उपकरण तपासावे. दुसरे, वीज गेल्यास राउटर, स्विच आणि ईपीएबीएक्स किती वेळ चालतील? तिसरे, जुना क्रमांक कायम राहील का? चौथे, सेवेची हमी लेखी आहे का? ९९.५ टक्के हमी म्हणजे वर्षाला सुमारे ४४ तास लाइन बंद राहिली तरी कराराचा भंग नाही. ९९.९ टक्क्यांत हा अवधी पावणेनऊ तासांवर येतो.

रुग्णालयाच्या अपघात विभागासाठी या दोन आकड्यांतला फरक मोठा आहे. भाडे कमी करून घेताना करारातील ही ओळ आधी वाचायला हवी.