रक्ताचा अहवाल साक्षीदार नव्हे

"रिपोर्टात हर्पिस निघालं म्हणजे कुणाचा तरी पाय घसरला." हे वाक्य फार सहज बोललं जातं, आणि बहुतेक वेळा ते बाईवरच शेकतं. म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं.

पूर्वपक्षात खरं किती, ते आधी मान्य करू. हर्पिस एकदा शिरला की मज्जातंतूंत कायमचा दडून राहतो. फोड नसतानाही तो जोडीदाराला लागू शकतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात संसर्गजन्य गुप्तरोग हे आजही घटस्फोटाचं कारण आहे. तेव्हा धास्ती वाटणं वावगं नाही. धास्तीपोटी काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

गोंधळ नावापासूनच सुरू होतो. कमरेला नागीण उठली की गेरू लावायचा. तिचं तोंड-शेपूट जुळलं तर माणूस दगावतो, असा समज. डॉक्टर त्या नागिणीला 'हर्पिस झोस्टर' लिहितात. तो कांजिण्यांचा विषाणू, शरीरसंबंधाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तापानंतर ओठावर फोड येतात, 'जर मुतला' म्हणतो आपण. तो हर्पिस सिम्प्लेक्स, पहिल्या प्रकारचा. आजीने नातवाचा मुका घेतला तरी लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या 64 टक्के लोकांत तो आहे.

आता 'टॉर्च' ही रक्ततपासणी. गर्भ पडला की ती अनेकदा लिहून दिली जाते, आणि तिच्या नावातला 'एच' म्हणजे हर्पिस. पुष्कळदा हा पहिला प्रकार आणि मुख्यतः शरीरसंबंधातून लागणारा दुसरा, असे दोन्ही त्यात एकाच ओळीत येतात. मग त्या पॉझिटिव्हचा अर्थ काय लावायचा? कदाचित तो लहानपणीचा मुकाच असेल. 'आयजीएम' या प्रतिपिंडावर तर भरवसाच ठेवू नये. जुना विषाणू डोकं वर काढतो तेव्हाही ते पॉझिटिव्ह येऊ शकतं. दुसऱ्या प्रकाराच्या 'आयजीजी' प्रतिपिंडाचा आकडा कमी असेल तर तो निकाल खोटा निघण्याची शक्यता मोठी. उलट ताजी लागण रक्तात दिसायला तीन-चार महिनेही लागतात. आणि पहिला फोड लागणीनंतर कित्येक वर्षांनी उठू शकतो. पुण्याच्या कंपनीतून दिवाळीला धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबला आलेल्या नवऱ्याच्या अंगावर तो दिसला, तर लागण यंदाची की लग्नाआधीची, हे कुठलीच लॅब सांगू शकत नाही. कुणाकडून आणि कधी, या दोन प्रश्नांना रक्ताकडे उत्तर नाही. लक्षणं नसलेल्यांची सरसकट हर्पिस-तपासणी करू नये, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसीही सांगते. सोयरीक जुळवताना असा अहवाल मागणं म्हणजे एका मुलीच्या आयुष्याशी खेळणं.

"मग बोलायचंच कशाला?" असंही कुणी म्हणेल. तेही मला मान्य नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या 650 बायका तपासल्या. 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात 92 टक्के जणींना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. दुखणं अंगावर काढणं म्हणतात ते हे. धाराशिवची बाई निराळी वागत असेल, असं मानायला मला कारण दिसत नाही.

तपासायचं ते फोडाला. तो ताजा असताना त्यातला स्राव पीसीआर चाचणीला दिला तर प्रकारही कळतो. ती सोय नसली तरी जाणता डॉक्टर फोड पाहून उपचार सुरू करू शकतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नाको) सुरक्षा क्लिनिकमध्ये यासाठी लाल किट मोफत असतं: असायक्लोविर 400 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी दोघांनीही करावीच. तिथं रक्त खरोखर उपयोगी पडतं, आणि दुसऱ्या प्रकारच्या हर्पिसने एचआयव्ही लागण्याचा धोका सुमारे तिपटीने वाढतो. फोड असेतो संबंध टाळावा. निरोधाने धोका कमी होतो, संपत नाही. गरोदर बाईने तर डॉक्टरला सांगितलंच पाहिजे. शेवटच्या तीन महिन्यांत नव्याने लागण झाली तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

माझं मागणं एवढंच आहे: फोड दिसला तर तो सुकण्याआधी दोघांनी मिळून दवाखाना गाठावा. घरात तोंड उघडणं जड जात असेल, तर 1097 या एड्स हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करायला पैसे पडत नाहीत.