‘रोड’ नावाचे स्टेशन

ऑगस्ट सरत आला की भंडाऱ्याची नजर नदीकाठच्या कारध्याकडे लागते. 245.50 मीटर ही तिथली वैनगंगेची धोक्याची पातळी इथे शाळकरी पोरांनाही पाठ असते. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वर मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, संजय सरोवर धरणातून विसर्ग झाला, खाली गोसेखुर्द धरणाचे 33 ही दरवाजे उघडले गेले आणि मधल्यामध्ये शहरात पाणी शिरले. रस्ते एकामागून एक बंद झाले. त्या पुराची आठवण दरवर्षी निघते. पंचनामे, धानाचे नुकसान, मदतीची रक्कम यांवर बोलणे होते. रेल्वेचे नाव मात्र कुणी काढत नाही.

खरे तर हावडा-मुंबई मार्ग जिल्ह्याच्या अंगणातून जातो. महामार्ग नदी ओलांडतो कारध्याला, रूळ ओलांडतात वर माडगीला, नृसिंहाच्या टेकडीजवळ. म्हणजे एक वाट बुडाली तर दुसरी आहे. पण 2020 मध्ये कोरोनामुळे मार्चपासून पॅसेंजर गाड्याच बंद होत्या. भंडाऱ्याचे स्टेशन असलेल्या वरठीच्या फलाटासमोरून मालगाड्या जात राहिल्या आणि माणसांची सोय तेवढी उरली नाही.

पुराच्या वेळी नवी गाडी सोडा म्हणणे सोपे, पण या गजबजलेल्या मार्गावर तिला वेळ काढून देणे अवघड. राजनांदगाव ते कळमना ही 228 किलोमीटरची तिसरी मार्गिका त्यासाठीच हाती घेतली गेली. नवी गाडी सोडण्यापेक्षा सोपे दोन उपाय आहेत. मेमू म्हणजे जवळच्या पल्ल्याची विजेवरची गाडी; तिचे डबे चार-चारांच्या युनिटमध्ये जोडले जातात. धावत्या गाडीला आणखी एक युनिट लावता येते. आणि एक्स्प्रेसला भंडारा रोड, तुमसर रोडला दोन मिनिटांचा जादा थांबा देता येतो. इंग्लंडमधल्या वर्किंग्टन गावात नोव्हेंबर 2009 च्या पुरात नदीवरचे पूल गेले, तेव्हा तिथल्या रेल्वेने जेमतेम आठवड्यात नदीपलीकडे तात्पुरते स्टेशन उभारले आणि लोकांना फुकट नेले. आपल्याला तर स्टेशन बांधायचेही नाही.

अर्थात रूळ म्हणजे काही अमरपट्टा नव्हे. 27 जुलै 2019 ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले. माडगीचा पूल सुरक्षित आहे असे रेल्वेच्या अभियंत्याने सांगितल्याशिवाय एकही गाडी सुटता कामा नये.

खरी मेख आहे ती नावात. रेल्वेच्या भाषेत स्टेशनापुढे ‘रोड’ लागले की समजावे, गाव लांब आहे. भंडारा रोड म्हणजे वरठी, शहरापासून दहा-अकरा किलोमीटर. तुमसर रोड म्हणजे देव्हाडी. एरवीही मेमूतून उतरलेला माणूस पिशवी काखेत मारून शेअर ऑटोत चौथा-पाचवा म्हणून कोंबला जातो. पुरात तो ऑटो येणार कुठून? आयुध निर्माणीसाठी वरठीहून जवाहरनगरपर्यंत रूळ टाकले गेले होते, भंडाऱ्याला लागूनच. त्यांवरून प्रवासी गाडी न्यावी ही मागणी जुनी. ती मागणीच राहिली.

तेव्हा येत्या पावसाळ्याआधी जिल्हाधिकारी, एसटीचे विभाग नियंत्रक आणि नागपूर विभागाचे रेल्वे अधिकारी यांनी एकदा एकत्र बसावे. कारध्याला कोणती पातळी गाठली की जादा डबे मागवायचे, एसटी वरठीला कोणत्या उंच रस्त्याने पोहोचवायची आणि त्या दिवशी तिकीट घ्यायचे की नाही, एवढे तीन प्रश्न. बोटी मोजायच्या त्याच बैठकीत डबेही मोजून घ्यावेत.