पुसण्यापूर्वी पाहा

गेल्या हंगामात आमचे काही विद्यार्थी कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर छायाचित्रे काढावयास गेले होते. चुलवणात चिपाडे पेटलेली, काहिलीवर वाफ आणि सगळीकडे धूर नि राख. तेथेच त्यांनी कॅमेऱ्याचे भिंग बदलले. परतल्यावर पाहतात तो काय, प्रत्येक चित्रात आकाशात त्याच जागी काळसर ठिपके! एकाने घाईघाईने आतला संवेदक रुमालाने पुसला. ठिपके राहिलेच, वर ओरखडेही उमटले. तेव्हापासून तो कॅमेरा कपाटात कुलूपबंद आहे.

माझ्या मते येथे दोन चुका झाल्या. पहिली न तपासता पुसण्याची, दुसरी कुलपाची.

मित्रहो, धूळ प्रत्यक्ष संवेदकावर नसते. त्याच्यापुढील पातळ काचेवर बसते. चित्रात दिसते ती तिची सावली. भिंगाचे छिद्र एफ/२.८ इतके मोठे असेल, तर प्रकाश अनेक दिशांनी येतो आणि सावली पुसट होते. एफ/२२ इतके बारीक केले की ती ठळक उमटते. ग्रहणाच्या धड्यातील प्रच्छाया आणि उपच्छाया त्या येथेही!

म्हणून प्रथम छिद्र बारीक करून निरभ्र आकाशाचे चित्र घ्यावे. भिंग बदलूनही ठिपका त्याच जागी राहिला, तर धूळ संवेदकापुढे आहे असे समजावे. भिंगातून प्रतिमा उलटी पडते. म्हणून चित्रात वर दिसणारा ठिपका संवेदकावर खालच्या बाजूस शोधावा.

आता सफाई. कॅमेऱ्यात संवेदक हलवून धूळ झटकण्याची सोय असल्यास ती आधी वापरावी. नंतर बॅटरी पूर्ण भरून, कॅमेऱ्याचे तोंड खाली करून, रबरी फुग्याच्या पंपाने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये. थुंकीचे तुषार उडतात. पुन्हा आकाशाचे चित्र घेऊन पडताळावे. धुळीत वाळूचे कण असतात. त्यांतील क्वार्ट्झची कठिणता मोहच्या मापाने ७, तर साध्या काचेची सुमारे ५.५. कोरडे पुसणे म्हणजे काचेवर कानस फिरवणेच! धुराचा चिकट थर फुंकरीने निघत नाही. तो खास द्रवाने व स्वच्छ पट्टीने जाणकाराकडूनच काढून घ्यावा. एखादा ठिपका उरला तर उरू द्यावा.

आकाशनिरीक्षक तर अशा ठिपक्यांसाठी सारख्या उजेडाच्या पृष्ठभागाचे वेगळे चित्र घेतात आणि गणिताने त्यांचा परिणाम दूर करतात. उपकरणाचा दोष कोणता आणि निसर्गातील वस्तू कोणती, हे ओळखणे हा प्रयोगाचाच भाग आहे.

शिक्षकांना माझी विनंती एवढीच : कपाट उघडा. रुमाल मात्र विद्यार्थ्यांच्या खिशातच राहू द्या, आणि आकाशाचे ते पहिले चित्र त्यांनाच काढू द्या.