काफिल्यांना ठाऊक होते ते

दौलत बेग ओल्डी हे नाव २०२० च्या गलवान संघर्षानंतर घरोघरी पोहोचले. काराकोरम खिंडीच्या दक्षिणेस, सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवरील हा लष्करी तळ. तेथील जुन्या धावपट्टीवर २००८ मध्ये एएन-३२ आणि २०१३ मध्ये सी-१३०जे विमान उतरले, तेव्हा देशाची मान उंचावली. परंतु विमानाने तळ गाठता येतो. बारमाही पोसायचा तर रस्ताच हवा.

दरबुक-श्योक-दौलत बेग ओल्डी हा सुमारे २५५ किलोमीटरचा रस्ता सीमा रस्ते संघटनेने या शतकाच्या प्रारंभी हाती घेतला. तो पूर्ण झाला २०१९ मध्ये! या विलंबाचे खापर हिमालयाच्या माथी फोडणे सोयीचे असले, तरी सत्याला धरून नाही. रस्त्याचा मोठा भाग श्योक नदीच्या पात्रालगत आखला गेला. उन्हाळ्यात हिमनद्या वितळल्या की श्योक फुगते. केलेले काम वाहून गेले आणि आखणीच बदलावी लागली. लेह-यारकंद व्यापाराचे काफिले श्योकच्या पात्रातून केवळ हिवाळ्यात जात, उन्हाळ्यात सासेर ला खिंडीची बिकट वाट धरीत. अडाणी म्हणून ज्यांची गणना व्हावी, त्या खेचरवाल्यांना जे उमगले होते, ते नकाशांवर रेघा ओढणाऱ्यांना उमगू नये? पुढे त्याच सासेर ला मार्गाने पर्यायी रस्त्याचे काम हाती घ्यावे लागले, हे पुरेसे बोलके आहे.

दिल्लीतील धोरणही निर्दोष नव्हते. सीमाभाग अविकसित राहणेच सुरक्षित, अशी स्वतंत्र भारताची अनेक वर्षे धारणा होती, हे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१३ मध्ये संसदेतच मान्य केले. चीन सीमेवरील ६१ रस्ते २०१२ पर्यंत व्हायचे होते. मार्च २०१६ पर्यंत २२ झाले, असे महालेखापरीक्षकांचा अहवाल सांगतो. मात्र सरकार बदलले म्हणून नदी वाट बदलत नाही. सर्वेक्षण अपुरे असेल, तर कोणत्याही राजवटीत निधी पाण्यातच जाणार.

आखणी सुधारल्यावर काय साधते, हे श्योकवरील सुमारे चारशे मीटर लांबीच्या पुलाने दाखविले. ऑक्टोबर २०१९ मध्ये खुल्या झालेल्या या पुलास दोनदा महावीरचक्र मिळविणारे लडाखचे सुपुत्र कर्नल चेवांग रिंचेन यांचे नाव आहे.

आणि मजूर? लडाखमधील रस्त्यांवर झारखंडच्या दुमका परिसरातील शेकडो हात राबतात. मजुरी थेट त्यांच्याच खात्यात जमा व्हावी, मध्यस्थाच्या हाती पडू नये, यासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले.