स्थावर म्हणवणारी जमीन

महसुली दफ्तरात जमिनीची नोंद ‘स्थावर’ म्हणून होते, आणि अमरकोशकारांनीही पृथ्वीला ‘अचला’ हे नाव बहाल केले आहे. परंतु ज्या भूपट्टावर आपली खेडी, किल्ले आणि कचेऱ्या उभ्या आहेत, तो वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर अशा संथ चालीने ईशान्येकडे सरकत असल्यामुळे, १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा रायगड जेथे होता तेथून आज तो सतरा-अठरा मीटर पुढे गेलेला आहे. शेजाऱ्याची जमीनही त्याच चालीने निघालेली असल्याने बांधाचे भांडण तेवढे जागच्या जागी राहते.

भूपट्टांचा विषय निघाला की आपण हिमालयाकडे बोट दाखवून मोकळे होतो, ही माझी तक्रार आहे. १९१२ साली आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने खंड सरकतात असे मांडले, तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञांनी त्याचा दावा फेटाळला. १९६० नंतर सागरतळाचे पुरावे पुढे आले आणि निकाल फिरला. पण त्याच्या पुराव्यांपैकी एक आपल्या विदर्भातही आहे. ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या खडकांत आढळतात, तसेच ते आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकातही आढळतात. आणि हे सारे प्रदेश ज्या महाखंडात एकत्र होते, त्याला नाव मिळाले तेही आपल्या गोंडांच्या मुलखावरूनच.

त्या महाखंडापासून विभक्त होऊन आलेल्या आपल्या भूमीपासून सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी माडागास्कर तुटले, आणि पुढे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आज रियुनियन बेटाखाली असलेल्या उष्णस्थानावरून हा भूपट्ट जात असता, भेगाभेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचे थरांवर थर साचून जो काळा पाषाण झाला, तो झीज सोसूनही आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेला आहे. त्याच सुमारास सेशेल्सचा तुकडाही वेगळा झाला. आणि त्या तुटीचा उचललेला, मग पावसाने झिजत पूर्वेकडे हटत गेलेला काठ म्हणजेच आपला सह्याद्री. महाबळेश्वरी उगम पावलेल्या कृष्णेला पश्चिमेचा समुद्र हाकेच्या अंतरावर असताना तिने बंगालच्या उपसागरापर्यंत सुमारे चौदाशे किलोमीटर का चालावे, याचे कारणही बहुतांशी या काठातच आहे. शाळेत मात्र हा इतिहास दोन ओळींत उरकला जातो.

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी या भूमीची आशियाशी धडक झाली आणि हिमालय उभा राहू लागला, हे सर्वश्रुत आहे; परंतु ती धडक अद्याप चालू असून तिचा दाब थेट दख्खनच्या पोटापर्यंत पोचतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. धरणाच्या जलाशयाने त्याला निमित्त पुरवले, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, पण खडकात साठलेला ताण आधीचाच होता. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणेशविसर्जन आटोपून निजलेल्या किल्लारी परिसरातील हजारो माणसे, दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार अंगावर येऊन, झोपेतच गेली; आणि तत्कालीन सरकारी नकाशात तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता! २००२ मध्ये तो पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीची इयत्ता वाढली, ती इतक्या माणसांचा बळी गेल्यावर.

नकाशा दुरुस्त झाला, तरी भिंती दुरुस्त झाल्या असे म्हणवत नाही. पुनर्वसित गावांत पक्की घरे आली. इतरत्र मात्र जुन्या धाटणीच्या घरांत माणसे अजून निर्धास्त झोपतात, आणि नवे बांधकाम काढणारा मालक फरशीच्या रंगावर जेवढा खल करतो तेवढा भिंतींच्या बांधणीवर करत नाही. ग्रामपंचायतीने परवानगीचा कागद देताना या बांधणीचा प्रश्न विचारावा, अशी माझी सूचना आहे. तो ती विचारीपर्यंत, वाचकहो, घराचा मुहूर्त पाहण्यापूर्वी आपल्या गवंड्याला आपणच विचारा, की दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून साऱ्या भिंतींना वेढणारा लोखंडी सळ्यांचा काँक्रीट पट्टा तो घालणार आहे की नाही.